पोटाचं दुखणं

सकाळची लाँच मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याकडे निघते तेव्हा तिच्यावर अनोळखी माणूस क्वचितच असतो. रिकाम्या पाट्या घेतलेल्या कोळणी, नोकरीवर जाणारे चार-दोन जण, इस्पितळात कुणाचा डबा पोचवायला निघालेली एखादी म्हातारी. तासाभराचा प्रवास. तेवढ्यात प्रत्येकाची विचारपूस होऊन जाते.

"काय तांडेल, आज मुंबई?"

बाबा समुद्राकडे बघतात आणि उत्तर मी देतो. "पोटाचं दुखणं आहे. दाखवायला चाललोय."

मग उपायांची रांग लागते. कुणी ओवा सांगतो, कुणी ताक, कुणी स्वतःच्या ऑपरेशनची कथा सुरू करतो ती धक्का येईपर्यंत संपत नाही. बाबांच्या पोटाला काहीही झालेले नाही. गेले सव्वा वर्ष मी महिन्यातून एकदा हे खोटे बोलतो आहे, आणि आता ते इतके सफाईने येते की कधी कधी माझ्याच पोटात कळ आल्यासारखे वाटते.

मी कॉलेजात नाव घातले त्या पावसाळ्यातली गोष्ट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या, माणसे जाळी विणत बसलेली. बाबाही बसत, पण हातातली सुई हलत नसे. नारळी पौर्णिमा झाली, सगळ्यांच्या होड्या बाहेर पडल्या आणि बाबा गेले नाहीत. "जाळं जड लागतं," एवढेच म्हणाले. जेवण तुटले, झोप गेली. रात्री उठून बंदरावर जाऊन बसत. आई दाराला आडणा घालून स्वतः उंबऱ्याशी झोपू लागली. का, ते तिने कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

बाबा दारू पीत असते तर वाडीला उमजले असते. दारूला नाव आहे. १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. त्यानंतर व्यसनालाही आजार म्हणायला मराठी माणूस हळूहळू शिकला. पण थेंबही न घेता धडधाकट माणूस घरी बसतो, याला म्हणायचे काय? काहींनी आळस म्हटले. काहींनी "बाहेरचं आहे" म्हटले, आणि आम्ही भगताकडे गेलो.

त्या रात्रीविषयी मला नीट लिहिले पाहिजे. आम्ही लपूनछपून गेलो नाही. काका, मामा, शेजारची चार माणसे, सगळी बरोबर आली. नारळ, लिंबे, कोंबडा यांचा खर्च वाटून घेतला. परत आल्यावर बायका आईला विचारायला आल्या, "आता कसं आहे?" आणि आईने मोकळेपणाने सांगितले. उतार पडला नाही, ही गोष्ट वेगळी. पण त्या आठवड्यात आमच्या घरात जेवढी माणसे येऊन गेली तेवढी नंतर आली नाहीत.

आणि दिवाळीनंतर मुंबईच्या इस्पितळात मानसोपचाराच्या विभागात जायचे ठरले, तेव्हा आई आदल्या रात्री मला म्हणाली, "कुणी विचारलं तर पोटाचं सांग."

भुताची लाज वाटत नाही आणि डॉक्टरची वाटते, हे कोडे मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत होतो. मला वाटते, उत्तर 'बाहेरचं' या शब्दातच आहे. भूत बाहेरून येते, त्यात घराचा दोष नाही. दुखणे मनाचे म्हटले की ते आतले झाले, रक्तातले झाले. आणि ताईसाठी त्या वर्षी स्थळे बघत होते. आईला अडाणी म्हणणे सोपे आहे, पण तिचा हिशेब चुकीचा नव्हता. 'बाप कुठल्या डॉक्टरकडे जातो' हा प्रश्न विचारणारे लोक आहेत, म्हणूनच तिला उत्तर तयार ठेवावे लागले.

डॉक्टरांच्या खोलीत भयंकर असे काहीच नव्हते. टेबल, तीन खुर्च्या, पंखा. झोप किती, भूक कशी, मरणाचे विचार येतात का, असे त्यांनी सरळ विचारले. त्या शेवटच्या प्रश्नाला बाबांनी मान हलवली आणि आई पंख्याकडे बघत राहिली. याला नैराश्याचा आजार म्हणतात, गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, मध्येच बंद करू नका, असे डॉक्टर म्हणाले. आईने विचारले, "इंजेक्शन नाही?" बाबांनी विचारले, "हे कागदावर लिहायलाच पाहिजे का?" लिहावेच लागते. तो केसपेपर मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात घालून घरी आणला. अजून तिथेच आहे.

दोन-तीन आठवड्यांचे दोन महिने झाले. पण एका पहाटे बाबा उठले आणि चहा मागितला. चहा मागणे ही काय सांगायची गोष्ट आहे! आमच्या घरी ती होती.

आता माझे सांगतो. गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले असतील, कॉलेजचे स्नेहसंमेलन आले. आमच्या प्रहसनात ठाण्याच्या इस्पितळाचा प्रवेश होता आणि वेडा मी होतो. डोक्यावर चाळण, गळ्यात चपलांची माळ. माझ्या प्रत्येक वाक्याला हशा. आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. दुसरे बक्षीस मिळाले. कप घरी नेला तेव्हा बाबांनी तो हातात घेऊन विचारले, "तू काय होतास?" मी म्हणालो, "राजा."

पुढे आमच्या एका मॅडमनी मला 'देवराई' बघायला सांगितला. २००४ सालचा चित्रपट. अतुल कुलकर्णी यांनी स्किझोफ्रेनिया झालेला शेष उभा केला आहे. त्यात मला चाळण कुठे दिसली नाही.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. सव्वाशे वर्षांत हजारो माणसे तिथे बरी होऊन घरी गेली असतील, पण आपल्या बोलण्यात 'ठाण्याला पाठवा' ही शिवी ती शिवीच राहिली. कायद्यानेही शब्द बदलायला वेळ घेतला. १९१२ च्या कायद्याचे नावच 'इंडियन लुनसी ॲक्ट', म्हणजे वेडाचा कायदा. त्याच्या जागी १९८७ चा आला, आणि मग २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. रुग्णाला साखळीने बांधायचे नाही, त्याचे दुखणे गुप्त ठेवायचे, असे त्यात लिहिले आहे. साखळीची बंदी कागदावर यायच्या आधी, २००१ च्या ऑगस्टमध्ये, तमिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली आणि बांधलेली २८ माणसे गेली. दर्ग्याला गुण येतो म्हणून घरच्यांनीच त्यांना तिथे आणून सोडले होते.

आपल्या रायगड जिल्ह्यातच, कर्जतला, डॉ. भरत वाटवानी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून बरे करतात आणि त्यांच्या गावी पोचवतात. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते वाचताना माझ्या मनात येई, की या माणसांच्या घरचे गावात काय सांगत असतील? 'मुंबईला कामाला गेलाय' असेच ना? आमच्या पोटाच्या दुखण्याची ती पुढची पायरी.

हा लेख लिहायचा ठरवला तेव्हा आधी बाबांना सांगितले. राजा नव्हतो, वेडा होतो, हेही सांगितले. ते थोडा वेळ सुईने जाळ्याची गाठ ओढत राहिले.

"लोक हसले का?"

"हसले."

"मग काम बरं केलं असशील." आणि मग म्हणाले, "लिही. पण ताईला विचार."

ताई म्हणाली, "लिही. ज्यांना मागे फिरायचंय ते आत्ताच फिरू देत." म्हणाली खरी, पण नंतर मोरीत बराच वेळ भांडी वाजत होती. आईला मी अजून विचारलेले नाही.

गेल्या महिन्यात आम्ही लाँचीवर चढलो. ओहोटी होती, गाळामुळे सुटायला उशीर झाला. ओळखीच्या नाखव्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "काय तांडेल, पोट अजून बरं नाही?" मी तोंड उघडले, तोच बाबा म्हणाले, "पोट चांगलं आहे. मनाच्या डॉक्टरकडं जातो. झोप लागत नव्हती, आता लागते."

नाखवा "बरं" म्हणाले. मग डिझेलच्या भावावर बोलले, पापलेटच्या भावावर बोलले. ओवा कुणी सांगितला नाही. धक्क्यावर उतरताना त्यांनी बाबांची पिशवी हातात घेतली, ती पायऱ्या चढून होईपर्यंत दिली नाही.

संध्याकाळी परतलो तर आई दारातच उभी होती.

"आज लाँचीवर कोण होतं?" तिने विचारले. तिला आधीच कळले होते.