सिस्टर, पगार किती?

पेढा तोंडात टाकण्यापूर्वी "पगार किती?" असे विचारण्याची आम्हा मराठी माणसांची जुनी खोड आहे. पेढ्याची गोडी त्या आकड्यावर ठरते. त्यातून मी पडलो बँकेतला कारकून. (हल्ली आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव लांबले, खिडकी तीच.) तेव्हा शेजाऱ्यांची थोरली बी.एस्सी. नर्सिंग होऊन इथल्याच, म्हणजे सोलापुरातल्या, एका खाजगी इस्पितळात लागली आणि पेढे घेऊन आली, तेव्हा मी धंद्याला जागून तोच प्रश्न विचारला.

"चौदा हजार, काका."

आमच्या हिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की पेढा घशातच थांबला.

कारण चार वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना कर्जाची वाट दाखवणारा मीच. ते टॉवेलच्या कारखान्यात. "साहेब, पोरीला शिकवायचं म्हणतो, पण तीन लाख फिटतील का हो?" असे त्यांनी विचारले आणि मी बी.कॉम.च्या अधिकाराने सांगितले, "अहो, लोक आजारी पडायचे थांबलेत का कधी? विजापूर, कलबुर्गी, धाराशिव, कुठकुठले पेशंट सोलापूरला येतात. मागणी आणि पुरवठा!" फॉर्मही मीच भरून दिला. आता व्याज चढून हप्ता पाच हजारांच्या वर बसतो आहे. मागणीच्या बाबतीत मात्र माझे काही चुकले नव्हते. पेशंट अजून येतातच आहेत.

पगाराचे खाते उघडायला ती माझ्याच खिडकीवर आली. चौदा हजारांतून प्रॉव्हिडंट फंडाचे 1,680 आणि ईएसआयचे 105 गेले, की हातात 12,215. व्यवसाय कर नाही. महाराष्ट्रात 2023 पासून बायकांना 25,000 पर्यंत तो माफ आहे, सरकारला परिस्थितीची कल्पना असावी. वर एक वर्षाचा बाँड, आणि मूळ प्रमाणपत्रे इस्पितळाच्या कपाटात. आमच्याकडे काही तारण ठेवले, तर निदान कर्ज तरी मिळते!

शिकताना या मुलींच्या हाती दिवा देऊन फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची शपथ देतात. त्या बाईंना 1853 साली लंडनमध्ये पहिली जागा मिळाली ती बिनपगारी. पण वडिलांकडून वर्षाला 500 पौंड मिळायचे. आमच्याकडच्या मालकांनी चरित्र वाचताना नेमके पुढचे वाक्य सोडलेले दिसते.

पुढे माझ्या मूतखड्याने मला तिच्याच वॉर्डात नेऊन टाकले. आठ खाटा आणि रात्रपाळीला ही एकटी. रात्री तीनच्या सुमारास सलाइनची सुई निसटून माझा हात फुगला. मी घोरत होतो, तो घोरतच राहिलो असतो. हिने दिवा लावला, सुई काढली, दुसऱ्या हाताला लावली आणि "काका, हात हलवायचा नाही हं," असे शाखा व्यवस्थापकाला न जमणाऱ्या आवाजात बजावून पलीकडच्या आजोबांचा श्वास पाहायला गेली. माझ्या हातून नोटा मोजताना चूक झाली तर फरक खिशातून भरून प्रकरण मिटते. तिच्या चुकीचा फरक कोण कशातून भरणार?

पाचव्या दिवशी खडा पडला आणि बिल आले. कळ कुठली जास्त होती, ते सांगत नाही. बिलात एक ओळ होती: 'नर्सिंग चार्जेस, रोज 500'. मी बिल उलटे केले आणि मागच्या बाजूला जमाखर्च मांडला. आठ खाटा, रोजचे 4,000, महिन्याचे 1,20,000. तीन पाळ्यांच्या तिघी आणि सुट्टीच्या बदलीची एक, अशा चौघींचे 56,000. शिल्लक 64,000. भाडे, वीज, ऑक्सिजन यांचा खर्च असतो, हे मलाही कळते. पण त्यांच्या ओळी वेगळ्या होत्या.

सुप्रीम कोर्टाने 29 जानेवारी 2016 रोजी सांगितल्यावरून केंद्राने समिती नेमली होती. ती म्हणाली, 200 वर खाटा असतील तर खाजगी नर्सला सरकारीइतका पगार द्या, आणि पन्नासच्या आतल्या इस्पितळातही 20,000 च्या खाली जाऊ नका. पण ही शिफारस. आमच्या बँकेत बदलीच्या अर्जावर शिफारस असते, त्यामुळे त्या शब्दाचे वजन मला पक्के ठाऊक आहे. आम्हा कारकुनांचा सुरुवातीचा नुसता मूळ पगार 2024 च्या करारात 24,050 झाला. तो शिफारशीने नाही झाला, युनियनने भांडून घेतला. एम्समध्ये तर याच पदवीवर मूळ पगार 44,900 पासून सुरू होतो. ती त्या परीक्षेचे पुस्तक सिटी बसमध्ये वाचते. पास झाली तर कपाटातली प्रमाणपत्रे कशी सोडवायची, तो प्रश्न उरतोच.

परवा ती रात्रपाळी करून थेट बँकेत आली. "काका, पासबुक भरून द्या ना." प्रिंटर नेहमीप्रमाणे कुरकुरला. जमा 12,215. खाली लगेच हप्ता नावे. मी पासबुक मिटूनच तिच्या हातात दिले.

तिने ते उघडलेसुद्धा नाही. काचेतून वाकून माझ्या टेबलाकडे पाहत म्हणाली, "अकरा वाजले काका, बाटली अजून भरलेलीच? पाणी प्या बघू आधी."

मागे रांगेत नऊ जण होते. मी बाटली उघडली.