एका न्हाव्याचं टपाल

१९०६ साली लंडनच्या ‘डेली मेल’मध्ये विल्यम ल क्यू यांची जर्मन आक्रमणावरची कादंबरी क्रमशः येत होती. शत्रूसैन्याची वाट मुद्दाम मोठ्या गावांवरून नेली गेली, का तर तिथे अंक खपेल! हे वाचून मी हसलो होतो. पण १९०९ मध्ये सरकारी समितीपुढे जर्मन हेरांचे ‘पुरावे’ ठेवले गेले, त्यांत याच लेखकाला वाचकांनी कळवलेले संशयही होते. त्याच वर्षी गुप्तचर खातं निघालं आणि देशातले हेर शोधायचं काम कॅप्टन व्हर्नन केल यांच्याकडे आलं. सुरुवातीला त्यांना साधा कारकूनही नव्हता.

कादंबरीतली हेरांची फौज काही सापडली नाही. सापडला लंडनच्या कॅलेडोनियन रोडवरचा एक न्हावी, कार्ल एर्न्स्ट. बापाकडून जर्मन, जन्माने ब्रिटिश. जर्मनीहून आलेली पत्रं इथल्या पेटीत टाकायची, इथली तिकडे धाडायची, एवढंच त्याचं काम. महिना एक पौंड, पुढे दीड. इतक्या स्वस्तात माणूस गळ्याला फास का लावून घेतो, हे मला अजून उलगडत नाही.

केल यांनी त्याला लगेच धरलं नाही. गृहमंत्री चर्चिल यांनी संशयितांचं टपाल उघडायची वाट मोकळी केली होती. पत्र उघडायचं, नक्कल करायची, पुन्हा बंद करून जाऊ द्यायचं. एकाला उचललं तर त्याच्या जागी अनोळखी दुसरा येणार. त्यापेक्षा हा माहितीतला बरा. कुठल्याही कादंबरीकाराला कंटाळा येईल असं हे काम वर्षानुवर्षं चाललं. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटताच जाळं ओढलं. वीसेक हेर पकडल्याचं सांगितलं गेलं. त्या आकड्यावरून इतिहासकारांत वाद आहेत. एर्न्स्टला सात वर्षं सक्तमजुरी झाली.

भीतीला मात्र एवढं पुरेना. हजारो निरुपद्रवी जर्मन छावण्यांत कोंडले गेले. मे १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ हे प्रवासी जहाज बुडवल्यावर जर्मन नावाच्या पाववाल्यांची दुकानं जमावाने लुटली.

आणि कायदा? १९११ चा गोपनीयतेचा कायदा कॉमन्स सभेने एका दुपारीत उरकला. आरोपीचं विशिष्ट कृत्य सिद्ध झालं नाही, तरी परिस्थिती, वागणूक किंवा माहीत असलेला स्वभाव यांवरून त्याला दोषी धरता येईल, असं त्यात होतं. आपल्याकडच्या १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमातही ही तरतूद आली. तो अजून लागू आहे.