पाण्याखालची बाराखडी

अंगठा हा मराठी माणसाच्या हातातला फारसा प्रतिष्ठित अवयव नव्हे. लिहितावाचता न येणारा तो अंगठाबहाद्दर. उसने बुडवणारा दाखवतो तो ठेंगा. अलीकडे मोबाइलच्या कृपेने त्याला ‘फक्कड!’ असा अर्थ चिकटला होता; पण साठीला टेकल्यावर मी तारकर्लीला स्कूबा शिकायला गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी तोही काढून घेण्यात आला. 

‘‘काका, अंगठो वर म्हणजे वर जावचां. ‘बरां आसां’ नाय!’’ पंचविशीतले आमचे गुरुजी बजावत होते.

‘बरे आहे’साठी तर्जनी आणि अंगठा जुळवून कडे करायचे, उरलेली बोटे ताठ. बरोबरच्या एका डॉक्टरांनी पाण्यात शिरताच समाधानाने अंगठा दाखवला. गुरुजींनी त्यांना निमूटपणे वर आणून सोडले!

तोंडात हवेची नळी धरलेली, म्हणून बोलणे नाही. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. त्यामुळे तो कुठून आला हेही कानाला उमजत नाही. उरली बोटे. पालथा पंजा हलवला की ‘काहीतरी बिघडले’. गळ्यावरून आडवा फिरवला की ‘हवा संपली’. या भाषेत ‘पण’ नाही, ‘तसे पाहिले तर’ नाही. मराठी माणसाचे अर्धे बोलणे इथेच खुंटते.

मात्र कड्याची खूण प्रश्नही आहे आणि उत्तरही. विचारले की सांगायचे, आणि खरे सांगायचे. जमिनीवर ‘कसे काय?’ला आपण ‘ठीक’ म्हणून टाकतो, बहुधा प्रश्न पुरता होण्याआधीच. माझे थोरले बंधू सहा महिने ‘ठीक’ म्हणत होते. पोटातले दुखणे सापडले तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सहा मीटरवर माझ्या डाव्या कानात सुरी फिरल्यासारखे झाले. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तो कानाच्या पडद्याला आधी कळतो. नेमके तेव्हाच गुरुजींनी कडे करून विचारले. बोटे सवयीने जुळायला निघाली होती. मी पंजा हलवला आणि कानाकडे बोट केले.

त्यांनी दंड धरून मला मीटरभर वर घेतले. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घातली, टक्क! कान उघडला. पुन्हा कडे. आता मीही कडे केले.

सुरुवातीला २०० बार दाखवणारा काटा ५०वर आला, तेव्हा मी मूठ छातीवर ठेवली. गुरुजींचा अंगठा वर झाला. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे असते. काळ्या पट्ट्यांचे मासे चष्म्यापाशी येऊन आमच्याकडे पाहत होते. काचेआडून सारेच थोडे मोठे दिसते. मधेच गुरुजींनी कडे केले. मी क्षणभर कान, छाती, पाय यांची रीतसर विचारपूस केली, आणि मग उत्तर दिले.