मूळ संख्या आणि 'मौलिक' प्रबंध

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज विभाजक नसतो, तिला मराठीत 'मूळ संख्या' म्हणतात. हिंदीत 'अभाज्य संख्या'. नागपुरात या दोन्ही भाषा एकाच गल्लीत नांदत असल्यामुळे दोन्ही शब्द आमच्या कानांवर बरोबरीने पडत आले. हिंदी शब्द सांगतो, की हिला कोणी भागू शकत नाही. मराठी शब्द सांगतो, की इतर संख्या हिच्यापासून घडतात. एकात नकार आहे, दुसऱ्यात उगम. साहित्याचे प्रबंध तपासताना हा भेद आम्हांला वारंवार आठवतो; कारण तेथेही अखेरीस एका शब्दाशी येऊन थांबावे लागते: 'मौलिक'.

आमच्या पिढीने तिसापर्यंतचे पाढे घोकले. पाढा म्हणजे पटींची तालबद्ध यादी. ९१ ही संख्या दिसायला मूळ वाटते: ती विषम आहे, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज १० म्हणून तिला ३ ने भाग जात नाही. परंतु कानात 'तेरा साते एक्याण्णव' घुमते आणि निकाल लागतो. ९७ च्या बाबतीत मात्र पाढे गप्प राहतात, आणि केवळ गप्प राहणे हा पुरावा नव्हे. तेथे २, ३, ५ आणि ७ यांनी भाग लावून पाहावा लागतो. त्यापुढे जाण्याची गरज नसते. कारण दहाहून मोठा विभाजक असलाच, तर त्याचा जोडीदार दहाहून लहान असणार. याच न्यायाने २ पासून २९ पर्यंतच्या दहा मूळ संख्या ३१ च्या वर्गापर्यंत, म्हणजे ९६१ च्या आतील प्रत्येक संख्येची परीक्षा घेऊ शकतात.

आमच्या शहराचा जुना पिनकोड घ्या: ४४०००१. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो. एका ओळीत संख्या संयुक्त ठरली. उरला भागाकार ४८८८९. त्याचे वर्गमूळ २२१ च्या किंचित पुढे. म्हणून २ पासून २११ पर्यंतच्या सत्तेचाळीस मूळ संख्या लावून पाहाव्या लागतात. आम्ही ते भागाकार वहीत मांडले. प्रत्येक वेळी बाकी उरली. ४८८८९ मूळ आहे. संयुक्त ठरवायला एक होकार पुरला. मूळ ठरवायला सत्तेचाळीस नकार जमवावे लागले.

प्रबंधांचेही असेच असते. एखादे प्रतिपादन उसने आहे हे दाखवायला एक आधीचा लेख पुरतो. ते मौलिक आहे असे म्हणायला मात्र आधीचे सारे वाचलेले असावे लागते, आणि वाङ्मयात वर्गमूळाची मर्यादा नाही. कोठे थांबायचे हे सांगणारा नियम नाही. तरीही परीक्षकांच्या अहवालांत 'मौलिक भर' हे शब्द किती सहज उमटतात! बहुधा त्यांचा अर्थ एवढाच असतो, की आमच्या पाठ असलेल्या पाढ्यांत हे ऐकू आले नाही.

गणिताने या कष्टातून वाट काढली आहे. २००२ साली कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी अशी रीत सिद्ध केली, की विभाजक न शोधताही संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे ठरवता येते, आणि लागणारा वेळ अंकांच्या संख्येच्या मानाने आटोक्यात राहतो. संख्या संयुक्त आहे हे कळावे आणि तिचे विभाजक मात्र हाती लागू नयेत, हेही शक्य आहे. मुरलेल्या वाचकाला ही दुसरी अवस्था परिचित असते: हे कोठूनतरी आलेले आहे हे जाणवते, कोठून ते सांगता येत नाही. पण वाचकाच्या जाणिवेला सिद्धतेचे बळ नसते. तेवढ्यावर कोणाचा प्रबंध नाकारणे हा अन्याय ठरेल.

म्हणून अलीकडे आम्ही अहवालात 'मौलिक' हा शब्द एकटा लिहीत नाही. कोणत्या ग्रंथांशी आणि कोणत्या नियतकालिकांशी ताडून पाहिले, ते त्याखाली नोंदवतो. पुढच्या परीक्षकाला निदान आमचा पाढा कोठे संपला, ते कळेल. आणि मराठी शब्दातला उगमाचा अर्थ, म्हणजे या प्रबंधातून पुढे काही घडते का, तो ठरवण्याचा अधिकार परीक्षकाकडे नसतोच. तो पुढच्या विद्यार्थ्यांकडे असतो.