एका सापाचें संगोपन

साप दिसला कीं काठी शोधावयाची, हा आपल्याकडील रिवाज. एदेन बागेची कथा बाळपणापासून ऐकलेल्या आम्हांस तर साप पाळण्याची कल्पनाच विचित्र वाटे. परंतु २०१९ सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं कांहीं आठवडे राहण्याचा योग आला, आणि त्याच्या बारा वर्षांच्या मुलानें पाळलेला ‘कॉर्न स्नेक’ आम्हीं रोज पाहिला.

हा साप त्याच प्रदेशांतला. अंग नारिंगी, त्यावर तांबडे चट्टे. लांबी तीन ते पांच फूट. विष मुळींच नाहीं. मक्याच्या कोठारांत उंदरांमागें येतो, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. १७६६ सालीं लिनियसनें त्यास शास्त्रीय नांव दिलें. तरीहि तेथील पुष्कळ लोक त्यास विषारी ‘कॉपरहेड’ समजून ठेचतात. आपल्याकडे बिचारी धामण नाग समजून मारली जाते, तसेंच हें.

त्याची व्यवस्था साधी, पण काटेकोर. कांचेच्या पेटीची एक बाजू सुमारें ८५ अंश फॅरनहाइट उबदार, दुसरी सुमारें ७५ अंश; दोन्हींकडे लपावयास जागा, स्वच्छ पाण्याचें भांडें आणि पक्कें झांकण; कारण लहानशा फटींतूनहि तो निसटतो. पिलास पांच-सात दिवसांनीं व मोठ्या सापास दहा-चौदा दिवसांनीं एक उंदीर पुरतो. गोठविलेला मेला उंदीर ऊन पाण्यांत ठेवून कोमट करावयाचा व चिमट्यानें द्यावयाचा. जिवंत उंदीर सापासच चावतो. उंदीर सापाच्या अंगाहून फार जाड नसावा, आणि खाल्ल्यावर दोन दिवस सापास हात लावूं नये. नाहींतर तो तें ओकून टाकतो.

एके दिवशीं सापानें उंदराकडे पाहिलेंहि नाहीं. त्याचे डोळे दुधाळ निळसर झाले होते. मुलगा रडकुंडीस आला; बळेंच कां भरवूं नये, असें विचारूं लागला. पित्यानें त्यास थांबावयास सांगितलें. आठवड्यानें सापानें सबंध कात टाकली, डोळे स्वच्छ झाले, आणि पुढल्या खेपेस त्यानें उंदीर गिळला. मधल्या दिवसांत मुलगा रोज पाणी बदलीत असे आणि हात आवरून बसे. तें हात आवरणेंच आम्हांस सर्वांत कठीण संगोपन वाटलें.

कुत्रा शेपूट हालवून उपकार फेडतो. साप धन्याचें प्रेम जाणतो, असें कांहीं दिसत नाहीं. आणि जगतो मात्र पंधरा-वीस वर्षें! शाळकरी मुलानें आणलेला साप तो मुलगा संसारी झाल्यावरहि अन्नाची वाट पाहणार. असल्या जिवाची इतकीं वर्षें काळजी वाहणें हें व्रतच होय.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या रानांतील साप घरीं पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे, आणि तें योग्यच. धामणीस आपली पेटी नको. तिचें शेत तिला पुरेसें आहे. साप दिसल्यास दूर उभे राहा, घरांत शिरल्यास जाणत्या सर्पमित्रास बोलवा, आणि काठी खालीं ठेवा. सृष्टिकर्त्याच्या ज्या जिवापासून आपणांस कांहींच परत मिळावयाचें नाहीं, त्याच्याशीं आपण कसें वागतों, यावरूनच आपल्या दयेची पारख होते.