वाटेवरचे गाव

रत्नागिरी म्हणजे प्रवासाचा शेवट, असे मी लहानपणी समजत असे. मे महिना लागला की भाऊच्या धक्क्यावरची गर्दी, ट्रंका, वळकट्या आणि आईचा दशम्यांचा डबा. दिवसभर डेकवर सतरंजी टाकून कसेबसे पडून राहायचे. मग बोट खोल पाण्यात थांबली, की हलत्या शिडीवरून पडावात उतरायचे. पडाववाला बखोटीला धरून खाली घेई आणि विचारी, "कोणाचा रे तू?" आम्ही आजोबांचे नाव सांगत असू. तेवढे पुरेसे होई.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मात्र तीच रत्नागिरी वाटेत लागली. मुलाने केरळचा बेत काढला. मुंबईपासून एर्नाकुळमपर्यंतचा सलग प्रवास नातीला सोसणार नाही, म्हणून सुनेने मधे एक दिवस थांबायचे ठरवले. फोनवर पाहून तिने यादीही केली : थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान, भाट्याचा किनारा.

"बाबा, तुमचंच गाव ना हो हे?" तिने विचारले.

मी 'हो' म्हटले आणि वर्तमानपत्रात डोके घातले.

खरे म्हणजे ते गाव माझे राहिले नव्हते. 1987 साली भावांनी घर विकायचे ठरवले, तेव्हा मी मुंबईत बसून कागदावर सही केली. एकदा जाऊन पाहावे असे मनात आले होते. पण रजा नव्हती. निदान मी तसे सांगितले. पुढे 1998 साली कोकण रेल्वे सुरू झाली, गाव एका रात्रीवर आले. तरी मी फिरकलो नाही.

पहाटे गाडीतून उतरलो. स्टेशन गावाबाहेर, कुवारबावला. रिक्षावाल्याने सहज विचारले, "पाहुणे कुठले?" मी म्हणालो, "मुंबईचे." आजोबांचे नाव ओठांवर आले होते, ते सांगून त्याला काय कळणार होते?

राजवाडा पाहायला गेलो. ब्रह्मदेशचा राजा थिबा. इंग्रजांनी 1885 साली त्याला मंडालेच्या गादीवरून खाली खेचले आणि पुढच्याच वर्षी बायकामुलांसह रत्नागिरीत आणून ठेवले. 1910 मध्ये तो या वाड्यात राहायला आला आणि 1916 साली इथेच वारला. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी त्याच मंडालेच्या तुरुंगात 1914 पर्यंत सहा वर्षांची शिक्षा भोगली. एकाची राजधानी ती दुसऱ्याची कोठडी.

राजाची राणी 1919 साली मायदेशी परतली. पण थोरल्या राजकन्येला इथल्याच माणसापासून झालेली मुलगी, टूटू, हिने आपला जन्म रत्नागिरीत काढला. ती मराठी बोलली, गरिबीत संसार केला आणि 2000 साली इथेच वारली. परमुलखातल्या राजाची नात रत्नागिरीकर झाली. मी मात्र सुनेच्या यादीप्रमाणे रत्नागिरी पाहत होतो.

हे सगळे नातीला सांगत होतो. ती म्हणाली, "मग त्या राजाला घरी का नाही जाऊ दिलं?"

"इंग्रजांनी सोडलं नाही."

"आणि आजोबा, तुम्हाला कोणी सोडलं नाही?"

तिने सरळपणे विचारले होते. मला उत्तर सुचले नाही.

दुपारी सारे लॉजवर आडवे झाले. मी तिचा हात धरला आणि बाहेर पडलो. आळी सापडायला वेळ लागला नाही. पायांना ठाऊक होती. घराच्या जागी दुमजली इमारत होती. चिऱ्यांचा गडगा तेवढा जुना, आणि त्याच्या आत विहिरीजवळ आजीने लावलेली आवळी. फळांनी लगडली होती.

आम्ही घुटमळताना पाहून घरातल्या बाई बाहेर आल्या. "कोणाकडे आलात हो?"

साठ वर्षांपूर्वीचाच तो प्रश्न. मी म्हणालो, "कोणाकडे नाही. आवळी छान धरली आहे, म्हणून थांबलो."

"पूर्वीपासूनची आहे. आम्ही घर बांधलं, पण हिला हात लावला नाही," त्या म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी तांब्याभर पाणी आणले आणि नातीच्या ओंजळीत चार आवळे घातले. मी कोण, हे तेव्हा सांगता आले असते. पण सही करताना ज्याला यायला सवड झाली नाही, त्याने आता कोणत्या तोंडाने ओळख सांगावी?

संध्याकाळी पुढच्या गाडीत बसलो. सुनेने यादीवर खुणा केल्या. "एक राहिलं आईच्या यादीत," नात म्हणाली, "आजोबांचं घर."

सून माझ्याकडे पाहू लागली. मुलगाही. मग मी पहिल्यापासून सांगितले : बोट, पडाव, विहीर आणि ती सहीसुद्धा. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "परतीच्या वाटेवर उतरू या. त्यांना सांगून येऊ."

नातीने आवळा चावला, तोंड वेडेवाकडे केले आणि घटाघटा पाणी प्यायली.

"आजोबा," ती नवलाने म्हणाली, "पाणी गोड लागतंय."