पाणी प्यायलेला साचा

गुढीला बांधायची गाठी बाजारात हवी तेवढी मिळते. तरी होळीच्या आधीपासून मी घरी साखर चढवते, ती केवळ साच्यांच्या लोभापायी. जुन्या सागवानी साच्याची नक्षी नुसती बघून कळत नाही. सगळं उलटं कोरलेलं असतं: फुगीर दिसायचं ते खोल, डावं ते उजवं. म्हणून जुन्या बाजारात जाताना मी पिशवीत कणकेचा गोळा नेते आणि तिथेच दाबून बघते. दुकानदार हसतो. हसेना का.

कणकेतून हत्ती निघाला की आधी सोंड बघावी. ती उचललेली नसते, पायाला चिकटलेली असते. मोराची मानही पाठीला टेकलेली. कोरणाऱ्याला हत्ती ठाऊक नव्हता असं नाही. त्याला साखर ठाऊक होती. सुटी सोंड साच्यातून निघतानाच मोडते. खाचेच्या कडाही तोंडाशी जराशा पसरट ठेवलेल्या, कारण आत वळलेल्या कडेत साखर अडकते. सिलिकॉनच्या साच्याला हे शहाणपण लागत नाही. तो वाकतो, कसलाही आकार सोडतो. त्यातले हत्ती हुबेहूब निघतात आणि, माझ्या मते, निर्बुद्ध दिसतात.

कर्नाटकात संक्रांतीला वाटतात ते सक्करे अच्चूही अशाच लाकडी साच्यांतले. त्यांच्या फळ्या एकमेकींवर बसवून बांधतात. गाठीला एक फळी पुरते. वाट्यांच्या रांगेत दोरा घालायचा, वरून पाक.

साचे रात्रभर पाण्यात ठेवावेत. लाकूड पाणी पिऊन तट्ट झालं की साखर धरून ठेवत नाही. पाकात थोडं दूध घालून वर येणारी मळी झाऱ्याने काढायची. लिंबू अजिबात नको. गुलाबजामच्या पाकात दाणा धरू नये म्हणून आपण लिंबू पिळतो. इथे तोच दाणा हवा असतो. पाक गोळीबंद झाला, म्हणजे ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास आला, की उतरवून कढईच्या कडेला घोटायचा. घोटता घोटता तो दुधाळतो. तेवढ्यात ओतायचा. आधी ओतला तर लाकडाला चिकटून बसतो, उशीर झाला तर कढईतच दगड.

शोभेसाठी भिंतीवर टांगलेले साचे कोरडे पडून तडकतात. विकणारे पुष्कळदा त्यांना चकाकीसाठी वॉर्निशही मारतात. तसला साचा कितीही सुरेख असला तरी मी घेत नाही. एक तर त्यात पाणी मुरत नाही, आणि गरम पाकाबरोबर ते वॉर्निश पोरांच्याच पोटात जायचं.